अकराव्या मिनिटातली ओळ

हिरव्या पेनचं टोपण अंगठ्यानं काढायचं, टक् करून पुन्हा बसवायचं—मघापासून हेच चाललंय, आणि फळा कोराच... कोराच राहू दे, अरीज, आज तू उठायचं नाहीस. डॉ. अरीज उबैदात, जॉर्डनमधल्या इर्बिदच्या विद्यापीठात वीस वर्षं संगणक शिकवणारी बाई, स्वतःला दटावत भिंतीलगत बसली होती. शेवटच्या बाकावर विभागप्रमुख डॉ. गाझी चष्मा पुसत होते. तिचा हा नवा अभ्यासक्रम ठेवायचा की पुन्हा जुनी व्याख्यानं लावायची, ते आजचा तास पाहून ठरवणार होते. "व्याख्यान घरी व्हिडिओवर, गृहपाठ वर्गात," जिन्यात ते म्हणाले होते, "उद्या परीक्षा चहाच्या टपरीवर घ्याल, डॉक्टर." ती हसली होती, पण झोंबलं होतं.

पडद्यावर मुलांचा प्रकल्प होता: शहरातल्या गच्च्यांवरच्या टाक्या, आठवड्यातून एकदा येणारं पाणी, आणि कुठे किती पोचलं याची सोळा प्रोसेसरनी मिळून केलेली बेरीज. त्यांच्यातल्या लैसनं तिसऱ्यांदा प्रोग्राम चालवला, तिसऱ्यांदा बेरीज वेगळी आली.

"पाणी कुठेतरी मुरतंय," तो म्हणाला. दोघंतिघं हसले.

मला दिसतंय रे... दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच आकड्यात भर घालतायत, एकाचं दुसरा पुसतोय. एकेकानं या, असं सांगणारी ओळच नाही. पण ती ओळ तर मी व्हिडिओत—आणि अरीजला आठवलं. अकरावं मिनिट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, खालून आईची हाक—"अगं, पाणी आलं, मोटार लाव"—मी उठले, आणि परत बसले ती थेट पुढच्या भागावर. ओळ मीच खाल्ली. मुलांनी मुकाट उतरवून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या म्हणजे झालं.

आता उठून सांगावं, तर गाझींचंच खरं: बाईंशिवाय पोरांचं पान हलत नाही. गप्प बसावं, तर तास बुडाला, आणि त्याबरोबर हे सगळंच. तेवढ्यात तिला रुबा दिसली. दोन महिन्यांत 'हजर'खेरीज शब्द न काढलेली ही मुलगी वहीकडे बघत होती, मग अरीजकडे, मग परत वहीत. ही ओळखून बसलीये. मीही अशीच बसले होते एकदा—सरांनी फळ्यावर चिन्ह चुकवलं, आणि मी ते चुकलेलंच उतरवून घेतलं, सगळ्यांसारखं... त्याची लाज अजून गेलेली नाही.

"रुबा, तुला काय वाटतं?"

"आमचंच काहीतरी चुकलं असेल, डॉक्टर."

"असेल. पण कुठे?"

रुबानं मागच्या बाकाकडे चोरून पाहिलं. "तुमच्या व्हिडिओत... अकराव्या मिनिटाला एक ओळ राहिलीये. मी चारदा पाहिला. वाटलं, मलाच कळत नाहीये."

"गेली ही," लैस पुटपुटला.

अरीजचे कान तापले. गाझींकडे बघायचं तिचं धाडस झालं नाही.

"माझीच चूक," ती म्हणाली. "तू बोल पुढे."

रुबा उठून पडद्याजवळ गेली. तिनं ती ओळ कुठे हवी ते दाखवलं, आणि मग थांबेल असं वाटलं तर थांबेचना—ही ओळ घातली की सोळाच्या सोळा रांगेत ताटकळतील, वेग जाईल, म्हणून आपण दुसरंच काहीतरी करू, असं म्हणायला लागली, तेही परवानगीसाठी अरीजकडे न बघता, वर्गाकडे बघून. दुसरं म्हणजे काय? अरीजला ठाऊक नव्हतं. गाझी मागे काहीतरी लिहीत होते, ते लिहू देत... तिनं खुर्ची जरा पुढे ओढली आणि ऐकू लागली.