मांडीचं माप

"पाय सरळ राहील, अप्पा. दुखणार नाही. पण पुन्हा वाकणार नाही," डॉक्टर सोनकांबळे म्हणाले.

गुरुपादप्पा खुर्चीवरून उठले, लंगडत खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि न बसता तसेच उभे राहिले.

"जरा बी न्हाई?"

"जरासुद्धा नाही. सांधा आता उरलेलाच नाही. वरचं हाड आणि खालचं हाड एकमेकांना जोडूनच टाकायचं."

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाला धरला. गुरुपादप्पांना त्यातलं काही कळलं नाही, पण कहाणी त्यांना पाठ होती. बावीस वर्षांपूर्वी गाडीवरून पेंडीचं पोतं उजव्या गुडघ्यावर पडलं. हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या. पाय उभा राहिला, पण वाकडा. पुढे त्याच पायाची मांडी घालून औशाच्या किराणा दुकानात रोज बारा बारा तास बैठक. दोन वर्षांपासून दुखणं असह्य झालं, तेव्हा कुणालाही न विचारता मेडिकलातून लाल गोळ्या आणल्या. त्या गोळ्यांनी तोंड सुजलं आणि गुडघा होता तसाच राहिला. डॉक्टरांनी आधी त्या गोळ्यांवरूनच खरपूस समाचार घेतला होता.

"दुसरा काई विलाज?"

"मुंबईला धातूचा सांधा बसवतात. तुमच्या वाकड्या हाडावर तो किती टिकेल, छातीठोकपणे सांगता येत नाही. सांध्यात सुई दिली तर दोन महिने बरं वाटेल. वजन उतरवा, काठी घ्या, खाली बसणं सोडा, तर चालढकल होईल. पण ओझं उचलायचं असेल तर ऑपरेशन. माझा वार गुरुवार. सोमवारपर्यंत कळवा."

"मंग मला बसवनार कसं?"

"खुर्चीवर बसाल की."

"आता न्हवं, सायेब. मेल्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते निलंग्याकडचे. लिंगायतांत मृताला मांडी घालून, तळहातावर लिंग देऊन, बसवून पुरतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण हा प्रश्न आजवर एकाही पेशंटनं विचारला नव्हता.

त्यांनी पेन पुन्हा उचललं आणि चिठ्ठीवर सोमवारची तारीख लिहून दिली.

लातूर जिल्हा झाल्यापासून एवढं एक बरं झालं होतं, की हाडाच्या डॉक्टरसाठी उस्मानाबाद गाठावं लागत नव्हतं. अर्ध्या दिवसात माणूस दवाखाना करून घरी. पण त्या दिवशी औशाला उतरल्यावर गुरुपादप्पांना घरी जावंसं वाटेना. स्टँडला दोन चकरा मारून झाल्या, दुकान उघडून पुन्हा लावून झालं.

समाजात कुणी गेलं की पहिला निरोप त्यांना येई. अंग ताठायच्या आत अंघोळ घालायची, पाय दुमडून मांडी बसवायची, भिंतीला टेकवायचं. जिवंत माणसांशी त्यांचं फारसं पटत नसे. तराजूवरून रोज एखादं भांडण ठरलेलं. मेलेल्यांशी मात्र ते फार मायेनं वागत. तीस वर्षांत त्यांनी निम्मी गल्ली मांडी घालून बसवली होती.

घरी आले तेव्हा नीलाबाई टँकरवरून डोक्यावर दोन घागरी घेऊन येत होत्या. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष, नळ कधीचे कोरडे पडलेले. पूर्वी पाणी गुरुपादप्पा आणत. घागरी उतरवताना नीलाबाईंनी मान दोन्ही हातांनी धरली.

"काय म्हनले डाक्टर?"

उंबऱ्यापासून चुलीपर्यंत येरझारा घालत त्यांनी सगळं सांगितलं.

"मंग करून टाका की."

"आन मेल्यावर?"

"मेल्यावरचं मेल्यावर बगता येतंय. माजी मान आज मोडून राहिली, तिचं काय?" त्यांनी उजवा हात पुढे केला. "ही बगा, मूठ बी मिटत न्हाई. मुंग्या येत्यात. शेंगा फोडाया बसले तर हातातनं गळत्यात."

गुरुपादप्पांना लाज वाटली. खरंच वाटली. ते खाटेवर बसले, लगेच उठले, आणि मग भिंतीकडे तोंड करून बोलले.

"आईचे गुडघे मी मोडले."

"काय?"

"ती गेली तवा मी लातूरला मालाला गेलतो. यीस्तोवर आंग लाकूड झालतं. समदे बगून राहिले. मी दाबलं. आवाज झाला. लोक म्हनले, काय झ्याक बसली माय." त्यांनी भिंतीला कपाळ टेकवलं. "माज्या जोडलेल्या हाडाला तर हे लोक हातोडा आनतील."

पंचवीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. नीलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ऑपरेशनचा विषय मात्र पुन्हा काढला नाही, आणि त्यानं गुरुपादप्पांचा जीव जास्तच वरखाली झाला. तीन दिवस ते गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत राहिले.

रविवारी सकाळी गल्लीतली बसम्मा गेल्याचा निरोप आला. दीड वर्षापूर्वी टँकरच्या चिखलात घसरून म्हातारीचा खुबा मोडला होता. तेव्हापासून ती अंथरुणावर. उजवा पाय सरळ तो सरळच राहिलेला. गुरुपादप्पा काठी टेकत पोचले तेव्हा त्यांचा पुतण्या शिवलिंग घाम पुसत होता. काकांनंतर हे काम तोच करणार होता.

"काका, मांडी बसंना. दाबू का?"

सगळे गुरुपादप्पांकडे बघत होते. त्यांनी म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा वाळक्या शेंगेसारखा, थंडगार.

"हात काड," ते म्हणाले.

"मांडी लागती, गुरुपादप्पा," विधीला आलेले स्वामी म्हणाले.

"एका पायाची हाय की. दुसरा सरळ राहू द्या. खड्डा लांब करू."

"असं आजवर कुनी केलं न्हाई."

"आजवर मी दाबत आलो, सामी. चुकलं माजं."

कोपऱ्यातून बसम्माची लेक शिवगंगा रडत रडत म्हणाली, "नका दाबू. तिला लई दुखायचं तितं."

स्वामींनी म्हातारीच्या सरळ पायाकडे एकदा बघितलं. मग त्यांनी भस्माची पिशवी उचलली आणि ते म्हणाले, "चला. खड्डा वाडवा."

दोन वर्षं पाणी न प्यालेली जमीन. पहार मारली की हातालाच झिणझिण्या येत. नेहमीचा खड्डा तयार होता, पण पुढे किती खणायचं ते कुणाला ठरवता येईना. एक म्हणे हातभर, दुसरा म्हणे दीड. काठावर गुरुपादप्पा इकडून तिकडे फिरत होते. शेवटी त्यांनी काठी टाकली, धोतर खोचलं आणि लोक हां हां म्हणेपर्यंत खाली उतरले.

मातीला पाठ टेकून ते बसले. डावा पाय दुमडला. उजवा वाकड्या गुडघ्यानं जाईल तेवढा पुढे सोडला. टाच अडली तिथली माती शिवलिंगनं वाकून खणली. पाय मोकळा झाला. चार दिवसांत पहिल्यांदाच ते इतका वेळ एका जागी स्वस्थ बसले होते.

"जमलं, काका?"

"बसम्माला जमलं." त्यांनी टाचेनं रेघ ओढली. "ती बुटकी. माज्या येळी आनकी एक वीत लागंल. ध्यानात ठेव. गुरुवारी पाय सरळ करून घेतोय मी."

शिवलिंगनं पहार बाजूला ठेवली, टाचेच्या रेघेपाशी उजवा हात टेकवला आणि बोटं ताणून पुढे एक वीत मोजली.

"एवडं?"

"हाव," गुरुपादप्पा म्हणाले.