बाकड्याची कंबर

जनवाड्याच्या बसस्टँडवर त्या रविवारी एकही माणूस बसची वाट बघत नव्हता. बीदरची बस आली, हॉर्न वाजवून वाजवून कंटाळली आणि रिकामीच निघून गेली. सगळं गाव शेडमध्ये शिरलं होतं. उदाचा धूर एवढा की डोळे चुरचुरत होते. मधे चटईवर माझी मैत्रीण नागरत्ना पालथी पडलेली, तिच्या कमरेवर जाड टॉवेल, टॉवेलावर एक गरम केलेली करडी ताटली, आणि ताटलीवर ओली माती चोळत बसलेले कल्लप्पा महाराज.

"बघा! दुखणं वर यायलंय! ही हिमालयाची माती हाय, दुखणं ओढून घेती. बोला, कुणाला दिसंना झालंय?"

मला दिसत नाही असं सांगायची कुणाची छाती होती? महाराजांनी ताटली तांब्यातल्या पाण्यानं धुतली आणि उंच धरली. घडीभरापूर्वी करडी असलेली ताटली काळीभोर झाली होती.

"अय्यय्यो!" गर्दीतनं आवाज उठला. गावचे थोरले चनमल्लप्पा तर हात जोडून उभे राहिले.

"पंधरा वर्षांचं दुखणं हाय हे," महाराज म्हणाले. "जुनं म्हणून एवढं काळं. आता अक्का, एक्केचाळीस दिवस पडून राहायचं. चालायचं न्हाई, वाकायचं न्हाई, ते दवाखान्याचे व्यायाम तर अजिबात न्हाई. हललीस, की ताटातलं दुखणं वास काढत माघारी येतंय. मग मला बोल लावायचा न्हाई."

नागरत्ना उठून बसली. रडत होती बिचारी. "पंचशीला, हलकं वाटायलंय गं," एवढंच म्हणाली, आणि रिक्षात बसून घरी गेली ती थेट खाटेवर.

मी पंचशीला. वय बासष्ट. तरुणपणी बीदरात बिदरीच्या भांड्यांच्या कारखान्यात काम केलं, नंतर सतरा वर्षं बीदरजवळच्या कोळारच्या गोदामात पेट्या उचलल्या. आता कंबर आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेत. नागरत्ना शेजारच्या गल्लीतली. तिच्या घरी लिंगपूजा, माझ्या घरी बुद्धवंदना, पण दुखणं दोघींचं एकच. सरकारनं बायांना बस फुकट केली आणि आमचं नशीब बघा, बसची पायरी चढवेना! एकदा कंडक्टरनं नागरत्नाला दंडाला धरून पोत्यासारखं वर ओढलं. लोक हसले. त्या दिवसापासून ती बसमध्ये चढली नाही. कलबुर्गीला तिची थोरली बहीण रत्नम्मा आहे, ऐंशीच्या पुढची. दोन वर्षं झाली, दोघींची भेट नाही. फोनवर बोलतात आणि दोघी रडतात.

म्हणून तर आम्ही व्यायाम सुरू केला होता. बीदरच्या दवाखान्यातल्या ज्योत्स्ना मॅडमनी शिकवलेला. खुर्चीवरून उठायचं, हळू बसायचं. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवून दाबायची. बघणाऱ्याला हसू येईल असा व्यायाम. मॅडम म्हणाल्या होत्या, "थोडं दुखेल, ते चालतं. जास्त दुखलं तर कमी करा, पण बंद करू नका." चार महिने रोज सकाळी नागरत्नाच्या ओट्यावर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून आम्ही उठत-बसत होतो. एका दमात तीन वेळा उठण्यावरून ती आठवर आली होती. आठ! आणि एका ताटलीनं सगळं बंद पडलं.

तिच्यावर तरी कशाला चिडू? आमच्या विहारात मी लहानपणापासून ऐकत आले, आधी तपासून बघ, मग मान. पण त्या आठवड्यात एकटीनं उठाबशा काढताना माझाही जीव विटला. दुखणं काल होतं, आज आहे, उद्याही असणार. माणूस किती दिवस आशा धरणार? नागरत्नाकडं गेले, तर तिला कुशीवर वळायलाही सून लागत होती. पहिल्या दिवसाचा हलकेपणा दुसऱ्या दिवशीच गेला होता.

"मग सांगितलंस का महाराजांना?"

"कसं सांगू? परवा संडासला जाताना पाय घसरला, तवा मी हललेच की. माझीच चूक हाय गं."

घ्या! दुखणं गेलं तर महाराजांची कमाल, आलं तर नागरत्नाची चूक. त्या दिवशी घरी येताना मला फार राग आला. पण खरं सांगते, पुढच्या रविवारी मी पण रांगेत उभी होते. तपासायला गेले होते असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण ते खोटं होईल. मला बरं व्हायचं होतं, बस्स.

चटईवर पालथी पडले. कमरेवर गरम ताटली आली आणि इतकं बरं वाटलं की डोळे मिटले. मग महाराज माती चोळायला लागले, आणि उदाच्या धुरातूनही माझ्या नाकात काहीतरी झोंबलं. हा वास मला माहीत होता. तीस वर्षं झाली तरी नाक विसरलं नव्हतं. तो नवसागर होता.

मी तशीच उठले. ताटली खणकन फरशीवर पडली.

"अक्का, हलायचं न्हाई!" महाराज ओरडले. "दुखणं अर्ध्यात अडकंल!"

"अडकू दे," मी म्हणाले. "महाराज, तुमच्या त्या ताटल्यांच्या ढिगातली एक कोरी द्या. आन् गुरुबसव, तुझा स्टो पेटव."

गुरुबसवचं हॉटेल शेडला लागूनच आहे. महाराज नको नको म्हणेपर्यंत मी ताटली उचलली, स्टोवर हाताला सोसेल इतकी गरम केली आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर ठेवली. महाराजांच्या भांड्यातली माती घेतली, पाण्याचा हात लावला आणि चोळली. बोटांना सगळं आठवत होतं. धुतली, तर ताटली काळीभोर.

ती चनमल्लप्पांच्या हातात दिली. "बोला काका. या बाकड्याची कंबर दुखत व्हती का?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज मात्र पोचलेला माणूस! लगेच म्हणाला, "या बाकड्यावर बसणाऱ्यांचं दुखणं लाकडात उतरलंय. तेच निघालंय हे!"

आणि चनमल्लप्पांनी मान डोलावली हो! मला तिथंच बसून रडावंसं वाटलं.

"काका, तुमच्या शोकेसमध्ये बिदरीची सुरई हाय का न्हाई?"

"हाय की. पोरीच्या लग्नात आलती."

"ती काळी कामून हाय?"

"बिदरी काळीच असती."

"न्हाई. जस्ताची असती, करडी. तिच्यावर चांदीचं काम झालं की शेवटी ती गरम करायची, किल्ल्यातली माती आन् नवसागर चोळायचं. जस्त काळं पडतंय, चांदी पांढरीच राहती. मी सहा वर्षं हेच काम केलंय. ही ताटली बी जस्ताचीच, आन् माती हिमालयाची न्हाई, आपल्या बीदरच्या किल्ल्यातली हाय. घराघरात बिदरी ठेवलीय आपण, पण ती काळी कशी होती हे कुणी इचारलं न्हाई."

"आन् मग बरं वाटतंय ते?" मागून एका बाईनं विचारलं.

"गरम ताटलीचा शेक हाय तो. घरी गरम पाण्याची पिशवी ठेवा, तेवढंच बरं वाटंल. तासाभरानं उतरतंय."

गुरुबसवनं तेवढ्यात महाराजांची पिशवी उलटी केली. झिजलेले पॉलिश पेपर बाहेर पडले. मी एक उचलून त्या काळ्या ताटलीवर घासला. खालून करडं जस्त चमकायला लागलं. गेल्या रविवारचं नागरत्नाचं पंधरा वर्षांचं दुखणं असंच पुसून परत ढिगात आलं असणार. आता मात्र लोक मोठ्यानं हसले, आणि हसणाऱ्या लोकांपुढं महाराजांचं काही चालेना. बस आली तशी ते पिशवी सोडून पळाले. बसची पायरी मात्र कशी टुणकन चढले! मला हेवाच वाटला.

मी जिंकले असं वाटेल तुम्हाला. ती काळी ताटली घेऊन नागरत्नाकडं गेले आणि सगळं सांगितलं, तर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "एवढीच आशा व्हती मला. ती बी काढून घेतलीस. आता तू काय देणार हायेस?"

मला लागलं ते. कारण माझ्याकडं देण्यासारखं चमकदार काहीच नव्हतं.

"खुर्ची देते," मी म्हणाले. "दुखणं जाईल असं मी म्हणणार न्हाई. माझं पण गेलं न्हाई. पण तू आठवर आली व्हतीस, ते कुठल्या महाराजानं केलं न्हवतं. तुझ्या पायांनी केलं व्हतं."

तिनं भिंतीकडचं तोंड वळवलं आणि सुनेला म्हणाली, "खुर्ची आण गं." त्या दिवशी तिला एकदाच उठता आलं, तेही माझ्या खांद्याला धरून. आठवरून एकवर. दोघी रडलो.

म्हणून हे लिहिते आहे. दुखणाऱ्या माणसाला फसवणं फार सोपं असतं, मी स्वतः रांगेत उभी होते. रांगेत उभं राहिलात म्हणून लाजू नका. पण कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवलं, तर तेच एकदा बाकड्यातून काढायला सांगा. आणि जो माणूस, बरं वाटलं नाही तर चूक तुमचीच असं आधीच सांगून ठेवतो, त्याच्यासमोरून उठा.

आता सकाळी पुन्हा दोन खुर्च्या असतात. नागरत्ना पाचवर आली आहे. ज्योत्स्ना मॅडमना फोन करून आम्ही एक नवीन व्यायाम विचारून घेतला. ओट्याच्या कठड्याला धरून विटेवर पाय ठेवायचा, चढायचं, उतरायचं. जमलं की वर आणखी एक वीट. बसस्टँडवर जाऊन मी बसची पायरी मोजून आले, पाच विटांची आहे. कलबुर्गीला रत्नम्माला तसं कळवलंय. आज सकाळी आम्ही दुसरी वीट ठेवली.