बोराएवढा मुतखडा

मित्रांनो, मी एक जुना मुतखडा आहे. नाव ऐकून नाकाला रुमाल लावू नका. मला धुऊन, पुसून, वाळवून सहा वर्षं झाली. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात नत्थुजी आणि जमुनाबाई यांच्या घरी, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत मी राहतो. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी माझं दर्शन होतं.

माझा जन्म जमुनाबाईंच्या उजव्या मूत्रपिंडात झाला. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी खारट. कापूस वेचायच्या दिवसांत तर बायका तेही पीत नाहीत, कारण वावरात लघवीला जायला आडोसा नाही. सकाळी दोन घोट प्यायचे, ते थेट संध्याकाळी घरी आल्यावर. मग आत पाणी आटतं आणि क्षार तळाला बसतात. असा कणाकणाने मी वाढलो आणि एके दिवशी बाहेरचं जग बघायला निघालो.

मित्रांनो, वाट फार अरुंद होती! जमुनाबाईंनी अशी किंकाळी फोडली की मूर्तिजापूर स्टेशनवरच्या गार्डाला वाटलं इंजिनाची शिट्टी झाली आणि त्याने हिरवी झेंडी दाखवून टाकली. गाडी निघाली, मीही निघालो. माझ्यावर विश्वास नसेल तर गाडीला विचारा.

खरं सांगायचं तर मी तुरीच्या डाळीएवढा होतो. पण नत्थुजींच्या तोंडी मी कधी लहान राहिलोच नाही. पहिल्या वर्षी ते म्हणाले, "हरभऱ्याएवढा होता." दुसऱ्या वर्षी, "बोराएवढा." बाटलीच्या तोंडातून बोर आत जात नाही हे एकाही पाहुण्याच्या लक्षात आलं नाही. मला मात्र कौतुक आवडायचं. मी गप्प राहिलो. तीच माझी चूक.

कारण ऐकता ऐकता जमुनाबाईंनाही मी बोराएवढा वाटू लागलो. "मुतखडा म्हणजे चुना, अन् दुधातबी चुनाच," असं शेजारच्या बाईने सांगितलं आणि त्यांनी दूध, दही, ताक, सगळं सोडलं. कढीसुद्धा! ज्या घरात कढीशिवाय खिचडी उतरत नसे, त्या घरात चार वर्षं खिचडी कोरडी गेली. पाणी मात्र पूर्वीइतकंच, दोन घोट.

गेल्या दिवाळीत अंगणात शेणसड्यावर त्यांचा पाय घसरला. साधं पडणं, पण डावं मनगट मोडलं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या डॉक्टर रागिणी म्हणाल्या, "मावशी, हाडं आतून पोकळ होत चाललीत. ड जीवनसत्त्व तर अगदी तळाला गेलंय." त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा दिला आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक अशी पुडी.

तो डबा माझ्या शेजारी येऊन बसला. पंधरा दिवस झाले तरी त्याचं झाकण उघडेना.

"गोया काहून घेत नाई वं?" नत्थुजींनी विचारलं.

"याचा भाऊ येईन म्हून," माझ्याकडे बोट दाखवत जमुनाबाई म्हणाल्या. "तुमीच सांगता ना बोराएवढा होता? आता काय कवठाएवढा आणू?"

नत्थुजींनी मला फळीवर मागे सरकवलं.

मित्रांनो, पेच साधा नव्हता. वैशाखात दामिनीचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं. जमुनाबाईंनी शब्द दिला होता, मांडे माझ्याच हातचे. मांडे लाटत नाहीत. सैल कणीक दोन्ही हातांवर झेलून झेलून पातळ करायची आणि उपड्या मडक्यावर टाकायची. मनगटाशिवाय मांडा नाही. आणि पुन्हा पडल्या तर खुब्याचं हाड मोडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शेवटी नत्थुजींनी डॉक्टरांना फोन करून बोराएवढ्या खड्याची भीती सांगितली. त्या म्हणाल्या, "भीती खरी की खोटी ते तपासू. मुतखडा आणा, आणि एका दिवसाची पूर्ण लघवी गोळा करून आणा."

पुढच्या सोमवारी आम्ही रेल्वेने अकोल्याला निघालो. मी नत्थुजींच्या खिशात, आणि पांढऱ्या कॅनमध्ये तो दुसरा ऐवज, त्यांच्या मांडीवर. समोरचा प्रवासी बराच वेळ बघत होता.

"काकाजी, तेल नेऊन राहिले का? रंग मस्त हाय."

"घरचं हाय," नत्थुजी गंभीरपणे म्हणाले. "इकाचं नाई."

जमुनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मनगट मोडल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला तळहातावर घेतलं. मग बाटलीत डोकावून पाहिलं. "बोर कुठे आहे?"

नत्थुजी छताकडे बघू लागले. जमुनाबाई नत्थुजींकडे.

"अर्धा तपासायला लागेल," डॉक्टर म्हणाल्या. मित्रांनो, त्या क्षणी माझी सगळी ऐट गळाली. आधीच डाळ, त्यातली अर्धी! पण माझ्यामुळे एका बाईने चार वर्षं ताक सोडलं होतं. अर्धं अंग देऊन खरं बाहेर येत असेल तर येऊ दे म्हटलं. तसंही मला विचारलं कुणी नव्हतं.

आठवड्याने अहवाल आला. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, दह्या-ताकातलं कॅल्शियम तुमचं वैरी नव्हतं. पालक-शेंगदाण्यात ऑक्झलेट नावाचा क्षार असतो, तोच या खड्यात निघाला. जेवणात दही असलं की कॅल्शियम त्याला पोटातच धरतं आणि बाहेर घेऊन जातं. तुम्ही पहारेकरीच काढून टाकला. लघवीत ऑक्झलेट जास्त आलंय, आणि पाणी तर फारच कमी."

"मंग गोया?"

"आधी जेवणातून. उरलेल्यापुरती गोळी, तीही जेवणासोबत. उपाशीपोटी नाही."

"पुडी रोज घेतली तं सात पट लवकर बरी होईन?" नत्थुजींनी हुशारी दाखवली.

"काकाजी, तसं केलंत तर खरंच बोर येईल. आठवड्याला एक, मी सांगेन तितकेच आठवडे. मग पुन्हा रक्त आणि लघवी तपासू. लोणचं-पापड कमी. पाणी इतकं की लघवी पाण्यासारखी फिकट दिसली पाहिजे. आणि मावशींना चाललं ते दुसऱ्या कुणी न तपासता घ्यायचं नाही."

त्या संध्याकाळी घरात कढी उकळली. जमुनाबाईंनी पहिली वाटी पिऊन डोळे मिटले. वावरात नत्थुजींनी चार बांबू आणि जुन्या ताडपत्रीचा आडोसा उभा केला, शेजारी फिल्टरच्या पाण्याचा कॅन ठेवला. हा दुसरा कॅन, बरं का! आता वेचणाऱ्या सगळ्याच बाया पाणी पितात.

वैशाखाआधी तपासणी झाली. ड जीवनसत्त्व वर आलं, मनगट जुळलं, सोनोग्राफीत एकही खडा नाही. लग्नात जमुनाबाईंनी मांडे केले. नत्थुजी पाहुण्यांना सांगत होते, "एकेक मांडा वावराएवढा!" मी फळीवरून मोजले नाहीत, पण ह्या वेळी ते फार लांब गेले नसावेत.

मित्रांनो, मी आता अर्धी डाळ उरलो आहे, तरी सुखात आहे. तुमच्या आईला, आजीला, मावशीला वावरात, शाळेत, दुकानात पाणी आणि आडोसा मिळतो का, एवढं बघा. भीतीने कुणी ताक सोडलं असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या, शेजारणीकडे नको. माझ्या बाटलीत अजून एकाची जागा आहे. ती तशीच रिकामी राहू द्या.