दत्तोबांच्या पायावरचा चटका

मित्रांनो, मी सणसरच्या गुऱ्हाळावरची म्हातारी काहील. उसाचा रस उकळून गूळ करायची अवाढव्य लोखंडी कढई. थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मला घडवताना घणांचा असा दणदणाट झाला, की बारामतीचे लोक वरात आली समजून नटूनथटून बाहेर पडले! माझ्या गुळाच्या वासाने लासुर्ण्याची एसटी आपोआप इकडे वळायची, असंही मी सांगते. तुम्ही खुशाल हसा. पण पुढचं ऐकताना हसू नका.

माझे मालक दत्तोबा स्वतःच गूळ करायचे. पाक कधी उतरवायचा, हे नुसत्या वासावर ओळखायचे. खंडेनवमीला माझ्या गळ्यात हार पडायचा. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चालू होत्या, सगळं ठीक होतं. मग एकदा लासुर्ण्याचे बापूसाहेब गूळ न्यायला आले.

"दत्तोबाराव, गोळ्या कसल्या खाताय? बिनकेमिकलचा काळा गूळ म्हंजी औषध. त्यानं शुगर वाढत न्हाय!"

आपल्याच मालाची स्तुती कोणाला कडू लागते? दत्तोबांनी गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. जेवणानंतर गुळाचा खडा, चहात गूळ, वर वाटीभर काकवी.

त्यांची बायको द्वारकाबाई तडकायची, "अवं, ऊस एकाच रानातला. कारखान्यात गेला की इख, आन् तुमच्या काहिलीत आला की औषध व्हय?"

"तुला काय कळतंय? माझ्या हातचा गूळ हाय. मला बाधंल व्हय त्यो?"

मला तोंड असतं तर ओरडले असते. माझ्यात रस आटतो, साखर आटत नाही. पाणी वाफ होऊन जातं, गोडी तळाशी राहते. गुळात चिमूटभर लोह असेलही, पण रक्तात गेल्यावर गूळ साखरेसारखाच वागतो.

थंडीत दत्तोबा सारखे पाणी पिऊ लागले. सदरा खांद्यावरून ओघळू लागला. एकदा पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच उसाच्या चिपाडावरून चालत राहिले. चप्पल मागे पडली होती. ती मी पाहिली. त्यांनी नाही.

आणि एका दुपारी पाक उतू गेला. उकळती धार थेट त्यांच्या पायावर पडली.

मित्रांनो, माझा चटका बसला की माणूस गाव गोळा करतो. मी वाट पाहिली. दत्तोबा फावड्याने पाक ढवळतच होते. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही.

द्वारकाबाई किंचाळली, "अवं, पाय! पाय भाजला!"

दत्तोबांनी शांतपणे वर पाहिलं.

"कुणाचा?"

एवढ्या वर्षांच्या आगीत मी कधी गार पडले नव्हते. त्या शब्दाने पडले.

वाढलेल्या साखरेने त्यांच्या पायाची जाणीवच गेली होती. जखम चिघळली. बारामतीच्या डॉक्टरांना पायाची दोन बोटं काढावी लागली. गुऱ्हाळ बंद झालं. आता मी पालथी पडून गंज खाते. दत्तोबा वेळेवर गोळ्या घेतात आणि माझ्या पाठीवर बसतात. अजूनही कोणी विचारतं, "आबा, शुगरवाल्याला चालंल असा काळा गूळ हाय का?"

दत्तोबा पायावरचं फडकं सोडतात आणि पाय पुढे करतात.

मित्रांनो, माझा गंज राहू द्या. घरात कोणाला मधुमेह असेल, तर ऐकीव गोष्टीवरून त्यांची गोळी बंद होऊ देऊ नका. आणि रोज त्यांचे पाय बघा. दुखत नाही म्हणाले, तरी बघा. माझ्या बाकीच्या गोष्टी विसरलात तरी चालेल. थापा नसलेली ही एकच आहे.