रिचर्डचं युद्ध

भुईगावच्या नाक्याला रिचर्ड लोपीसचं नाव मिळावं म्हणून निवृत्त हवालदार अँथनी तुस्कानो चार वर्षं अर्ज करत होते. दोघे एकाच दिवशी भरती झाले होते. सत्त्याऐंशी साली श्रीलंकेत, जाफन्याच्या रस्त्यावर रिचर्डची गाडी सुरुंगावर गेली, तेव्हा मागच्याच गाडीत अँथनी होते.

अखेर मंजुरी आली, फलकही झाला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अँथनींनी तो वाचला: ‘कारगिल युद्धातील वीर शहीद रिचर्ड लोपीस’.

ते तडक कार्यक्रम करणाऱ्या मंडळाच्या कार्यालयात गेले. अध्यक्ष अल्पेश फोनवर मांडववाल्याशी बोलत होता.

“अल्पेश, रिचर्ड कारगिलला नव्हता. तेव्हा त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. तो श्रीलंकेत गेला.”

अल्पेशने फोन बाजूला धरला. “काका, श्रीलंकेशी आपलं कधी युद्ध झालं?”

“श्रीलंकेशी नाही रे बाबा! आपली शांतिसेना गेली होती. हजारावर जवान गेले आपले.”

“असेल. पण लोकांना कारगिल कळतं ना.”

“मी अर्जात लिहिलंय. चारही अर्जांत!”

“अर्ज कोण वाचतं, काका?”

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की अँथनींनी बाहेर येऊन स्कूटरच काढली. ते सांडोरला रिचर्डच्या थोरल्या बहिणीकडे गेले. थेरेसा बाई निवृत्त शिक्षिका. केळीच्या बागेत पाणी सोडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “लागू दे तसाच. अडतीस वर्षं समजावतेय लोकांना. दमले मी.”

“तूसुद्धा?” म्हणून अँथनींनी जी स्कूटर सुरू केली, ती घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. आले ते भाषणात थेट बर्फाच्या कड्यावर चढले. रिचर्डने गोठलेल्या हातांनी कसा तिरंगा रोवला, हे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. अँथनी खुर्चीत चुळबुळ करत राहिले. घामाने गणवेश अंगाला चिकटत होता तिथे, आणि हा बर्फ सांगतोय!

तेवढ्यात थेरेसा बाई उठल्या. खांद्यावरची शाल खुर्चीवर ठेवली आणि माइक हातात घेतला.

“माझा भाऊ बर्फात गेला नाही. माडांच्या वाडीत गेला, श्रीलंकेत. त्याचं शेवटचं पत्र आहे माझ्याकडे. लिहिलंय, बाय, इथे सगळं भुईगावसारखंच आहे, फक्त आपल्याशी कुणी बोलत नाही.”

एवढंच बोलून त्या खाली बसल्या. मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. अल्पेशने ‘भारतमाता की जय’ म्हटलं, पडदा ओढला आणि कारगिलचाच फलक उघडला. अँथनींनी कपाळावर हात मारून घेतला.

खुर्च्या उचलत असताना साठीतले एक गृहस्थ त्यांच्याजवळ आले. “मी विलास सावंत. फुलपाड्याला राहतो. मीही होतो तिथे, सिग्नलमध्ये, वायरलेसवर. स्फोटात डावा कान गेला.”

“पेन्शनमध्ये कानाची नोंद केलीत?”

“छे. कागदपत्रांचा कंटाळा. आणि श्रीलंका म्हटलं की समजावत बसावं लागतं. घरीसुद्धा नीट सांगितलं नाही कधी.”

अँथनींना त्यांचाही राग आला. “इतकी वर्षं गप्प बसलात? उद्या सकाळी असतील तेवढे कागद घेऊन माझ्याकडे या. अर्ज मी लिहितो.”

फलकासाठी पाचवा अर्ज त्यांनी त्याच संध्याकाळी टाकला. मग आठवडाभर रोज संध्याकाळी मंडळाच्या दारात जाऊन बसले. शेवटी अल्पेशच वैतागला. दीड महिन्याने नवा फलक लागला, त्यावर श्रीलंका आणि साल, दोन्ही बरोबर. कार्यक्रम काही झाला नाही. थेरेसा बाई रिक्षाने येऊन वाचून गेल्या.

विलास मात्र कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी खरंच आले होते, कागदांची पिशवी घेऊन. ते नेमके डावा कान अँथनींकडे करून बसले. तारीख, युनिट, दवाखान्याचं नाव, एकेक प्रश्न तीन-तीनदा ओरडून विचारावा लागला. अँथनींचा घसा बसला. “जरा इकडे वळून बसा हो!” ते कावून म्हणाले आणि अर्जाचं दुसरं पान लिहायला घेतलं.