नऊ दिवस न टोचलेली सुई

विचुंब्याच्या भामाबाईंना कुणी शहाणपण शिकवायला गेलं, तर त्या आधी त्याला चहा पाजत आणि मग त्यालाच चार गोष्टी सुनावून परत पाठवत. तसा त्यांचा अधिकारही होता. लग्नात धवले गाऊन विधी लावणारी त्यांच्या तोडीची धवलारीण विचुंब्यापासून रोडपालीपर्यंत दुसरी नव्हती, आणि हे लोकांनी सांगावं म्हणून त्या थांबत नसत, स्वतःच सांगून टाकत.

शिमग्यात पाण्याचा पिंप सरकवताना त्यांच्या पाठीचे दोन मणके दबले. पनवेलच्या डॉक्टर रेवानं तपासून सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हाडं पोखरणाऱ्या पेशींना धाकात ठेवतं. पाळी गेली की ते आटतं आणि त्या पेशींना रान मोकळं मिळतं. उपाय म्हणून रोज पोटावर एक इंजेक्शन, पेनासारख्या सुईनं. मानेतल्या डाळीएवढ्या ग्रंथी जे हार्मोन बनवतात, त्याचाच एक तुकडा त्या औषधात होता. त्यानं हाडं बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. दोन वर्षं, एकही दिवस न चुकवता. भामाबाईंनी एकच विचारलं: पुढच्या वर्षीच्या वैशाखात नातीचं, दिपिकाचं लग्न आहे, मांडवात खाली बसून गाता येईल ना? रोज घेतलंत तर येईल, असं रेवा म्हणाली.

सहा महिने बाईंनी स्वतःच्या हातानं सुई टोचली. रक्ताच्या तपासणीत नवं हाड बनत असल्याची खूण चढती निघाली, तेव्हा हे सगळं आपणच केलं अशा थाटात त्यांनी तो कागद गल्लीभर फिरवला.

मग नवरात्र आलं. भामाबाईंच्या घरात घट बसले की ते बसवण्याचा मान जिच्याकडे, त्या बाईनं नऊ दिवस सुई धरायची नाही. शिवण नाही, रुतलेला काटा काढायलाही सुई लावायची नाही. मग तिनं स्वतःच्या अंगात सुई खुपसायची? पेन नऊ दिवस फ्रिजमध्ये पडून राहिलं. सून मनिषानं एकदा विचारून पाहिलं, पण सासूबाईंचा चेहरा बघून विषय सोडला.

दसऱ्यानंतर बाईंनी हिशोब सोपा केला. लावणीचा एखादा दिवस हुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं लावून काम उरकायचं, हे त्या उभा जन्म करत आल्या होत्या. तेव्हा आता सुई सकाळी एक, संध्याकाळी एक. पाचव्या दिवशी ओट्यापाशी त्यांना गरगरलं. मनिषानं मागून धरलं म्हणून बरं, नाहीतर तिसरा मणका गेलाच होता.

रक्तात कॅल्शियम चढलेलं निघालं. रेवा चिडली होती, आणि चूक आपलीही आहे हे कळल्यानं जास्तच चिडली होती. हार्मोन हाड बांधतं एवढंच तिनं सांगितलं होतं. उरलेलं आता सांगितलं. हेच हार्मोन रोज थोडा वेळ अंगात येऊन ओसरलं तर हाड बांधतं. तेच दिवसभर मुक्कामाला राहिलं तर बांधणाऱ्या पेशीच असा रेणू जास्त सोडतात, की पोखरणाऱ्या पेशींची फौज उभी राहते. मग बांधलेलंही जातं.

भामाबाई ऐकत होत्या. त्यांचं माहेर मिठागरातलं, जिथं खाडीचं पाणी बांधातल्या दारातून आत घेतात.

"उघाडी," त्या म्हणाल्या. "भरतीचं पानी घ्यायचं आनि दार लावायचं. तवा मीठ बनतं. दार उघडं ठेवलं का बनलेलं मीठ पन विरघळतं. हे तू मना पयलंच सांगायला होवं, बाय."

रेवानं मान्य केलं, पण ती नरमली नाही. कॅल्शियम उतरेल, आठ दिवसांनी पुन्हा सुरू करता येईल, असं ती म्हणाली. मात्र हे औषध दोनच वर्षं देतात, आणि त्या मुदतीत आणखी एक नवरात्र येतं. पुन्हा नऊ दिवस सोडणार, मग दुप्पट भरणार, असं असेल तर ती आजच बंद करून दुसऱ्या गोळीवर नेईल. गोळीनं झीज थांबते, पण असं नवं हाड चढत नाही. वैशाखाचं मग ती सांगू शकणार नाही.

घटाचा मान भामाबाईंकडे एकतीस वर्षं होता. सासूनं मरणाआधी हातात हात घेऊन दिला होता, आणि गावात तो कुणी जिवंतपणी सोडल्याचं ऐकिवात नव्हतं. मान गेलेली बाई आरतीला मागच्या रांगेत उभी राहते. मागच्या रांगेत उभं राहण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती.

त्यांनी शेजारी बसलेल्या मनिषाचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

"पुढच्या साली घट तू बसवशील," त्या म्हणाल्या. "मी मागं उभी ऱ्हाईन."

मनिषाला रडू फुटलं. असं नको, तुमी हाव तोवर नको, असं ती म्हणू लागली. भामाबाईंनी तिला थांबवलं आणि त्या रेवाकडे वळल्या.

"लिव, बाय. रोज एक सुई."