न ऐकू येणारे वटवटे

मुलीनं माझ्याकडे पाठ केली आणि नवऱ्याशी बोलायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की आज माझंच काहीतरी शिजतंय.

आमच्या घरात पाठ करून बोलणं म्हणजे दार लावून बोलणं. मी कापडगिरणीत मागावर उभी राहून सगळी उमर काढली. इतके माग एकदम धडधडत असले की तिथे बाईच्या तोंडाला आवाज उरत नाही, नुसते ओठ उरतात. पलीकडच्या रांगेतली काय म्हणते ते ओठांवरून वाचायचं आणि आपणही ओठ हलवूनच उत्तर द्यायचं. लग्नं जुळवली, भांडणं केली, मुकादमाच्या नावानं बोटं मोडली, सगळं असं मुक्यानं. ती सवय मग घरीही येते. मुलगी धड बोलायला लागली नव्हती तेव्हापासून माझे ओठ वाचायची. चोरून काही बोलायचं तर तोंड फिरवायचं, हेही ती आपोआप शिकली.

जावई बाहेरून आलेला, त्याला हे कुठून ठाऊक असणार? विम्याच्या कचेरीत बसणारा सरळ माणूस. मागच्या अंगणात तो माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्याच्या वाटणीचं बोलणं मी शेंगा निवडाव्यात तसं निवडून घेतलं.

"अगं, आई घर सोडतायत म्हणून गिरणीच्या वसाहतीच्या ऑफिसात सांगून आलोय मी," तो म्हणाला. मुलीची पाठ हलली. "नाही, आज नको सांगायला. चार दिवस राहायला चला म्हणू. तिकडे रुळल्या की मग बघू." पुन्हा पाठ हलली. "आता कच खाऊ नकोस. पेटी तर गाडीत टाकलीसुद्धा."

माझी कपड्यांची पेटी! सकाळी आल्या आल्या 'कॉटखाली जरा झाडून घेतो' म्हणाला, तेव्हा जावई असावा तर असा, असं मनात म्हटलं होतं मी. तेव्हाच पेटी गेली.

त्यांची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी एकांगी बोलते. गेल्या महिन्यात आमच्या दारासमोर पाण्याचा टँकर मागे येत होता. भोंगा वाजवत होता म्हणे. मला भोंगा ऐकू आला नाही, लोक ओरडले तेही ऐकू आलं नाही. कुणीतरी दंडाला धरून खस्सकन ओढलं म्हणून वाचले. शेजारणीनं ती बातमी मी घरात येऊन पाणी पिण्याच्या आत मुलीला पोचवली. तेव्हापासून मुलीच्या डोळ्याला डोळा नाही. हे सगळं मला समजतं. मी बहिरी आहे, दगड नाही.

दोघं आत आली. मुलगी समोर बसली आणि लहान पोराला समजवावं तसे ओठ ताणून बोलायला लागली.

"आई, चार दिवस चल ना आमच्याकडे. मुलं सारखी आठवण काढतात."

"मुलांना म्हणावं, इथे या."

"त्यांची शाळा आहे."

"मग शाळा झाल्यावर या म्हणावं. आणि चार दिवसांसाठी पेटी कशाला लागते गं? ऑफिसात काय सांगून आलात?"

तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली. तो बिचारा चपला शोधायला लागला. पायात होत्या त्याच.

"बरं, मग ऐक," मुलगी म्हणाली. आता ओठ ताणलेले नव्हते, नेहमीचे होते. "गिरणी बंद पडली. तुझ्या बरोबरीच्या निम्म्या बायका मुलांकडे गेल्या. तुला इथे आहे काय?"

"मागे बोरूचं बेट आहे. वटवटे आहेत."

"आई, तुला ते ऐकूसुद्धा येत नाहीत!"

बोलून गेली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. पण वाचायचं ते मी वाचलं होतं.

आमच्या मागच्या अंगणाला लागून गिरणीचं जुनं तळं आहे. रंगाचं पाणी त्यात सोडायचे. गिरणीचा रंग थांबला तसा तिथे बोरू माजला, पुरुषभर उंच, आणि बोरूत वटवटे आले. चिमणीहून लहान, मातकट, अंगावर नाव घेण्यासारखा एक ठिपका नाही. त्यांच्यात जाती पुष्कळ आहेत. कुणी बोरूत, कुणी गवतात, कुणी झुडपात राहतो. पण दिसायला सगळे कापडाच्या एकाच ठाणातून फाडलेले. दुर्बीणवाले लोकसुद्धा त्यांना आवाजावरूनच ओळखतात. थंडी सरली की ते येतात. नर बोरूच्या शेंड्याला धरून दिवसभर वटवट करतो आणि मादी खाली विणकाम करते. चार उभे बोरू धरायचे, गवताचा तंतू एकाभोवती फिरवून दुसऱ्यावर न्यायचा आणि मधे खोलगट वाटी विणायची. वारा सुटला की बोरू वाकतात, वाटी कलते, पण खोल असल्यामुळे अंडी सांडत नाहीत. माझा माग निदान जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवलेला होता. हिचा डुलतो, आणि त्यावर ही विणते. मला तिचं कौतुक वाटतं.

एका वर्षी वटवटे आले नाहीत. थंडी गेली, बोरूला नवे कोंब फुटले, तरी तळं गप्प. मी शेजारणीला म्हटलं, "यंदा पाखरं मेली गं." ती म्हणाली, "हो ना, गेली बिचारी." समोरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, त्यानंही मान हलवली. डासांचं औषध फवारणारा माणूस आला तेव्हा त्याची मी भर रस्त्यात बिनपाण्यानं केली. तुझ्या औषधानं मारलीस माझी पाखरं, म्हटलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी खरंच रडले होते त्या पाखरांसाठी.

मग एकदा कपडे वाळत घालताना सहज पाहिलं, तर समोर शेंड्यावर नर. चोच सताड उघडी, आतला पिवळा जबडा दिसत होता आणि गळा थरथर कापत होता. गात होता. हातभर अंतरावर जीव खाऊन गात होता, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ओला कपडा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. पाखरं मेली नव्हती. माझे कान गेले होते, आणि बारीक आवाज सगळ्यात आधी गेला होता. सगळी आळी रोज ती वटवट ऐकत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून 'गेली बिचारी' म्हणत होती.

त्या दिवशी मला दुःख झालं, पण राग जास्त आला. कीव करणाऱ्यांचं काय जातं? फवारणीवाल्याची मात्र मी माफी मागितली नाही. औषध त्यानं मारलं होतंच.

पुढे मुलीनं कानाचं यंत्र आणून दिलं. त्यातून खुर्ची सरकलेली ऐकू यायची, नळ ऐकू यायचा, शेजारणीचं भांडण तर घरात बसून ऐकता यायचं. पण वटवट्याचा आवाज माझ्या कानातल्या मेलेल्या जागेतला, तो यंत्रालाही उठवता आला नाही. मग मी यंत्र ठेवून दिलं आणि मला येत होतं तेच केलं. ओठांऐवजी गळा वाचायला लागले. हा नवा आला आहे, घाबरत गातोय. याची मादी अंड्यांवर बसली, आता हा नावापुरता गातो. बरोबर वाचते की चूक, देव जाणे. पण माझं त्यांच्याशी बोलणं आहे, आणि ऐकू येत नाही म्हणून ते मोडायचा अधिकार मी कुणालाही दिलेला नाही.

"चल मागे," मी मुलीला म्हटलं आणि उठले.

तळ्याच्या काठावर आम्ही दोघी अशा उभ्या राहिलो की मधे मागांची एक रांग मावली असती. जावई कुंपणाशी थांबला. मी आवाज बंद केला आणि नुसते ओठ हलवले, गिरणीत हलवायचे तसे.

'मी येणार नाही.'

ती क्षणभर गोंधळली. मग तिचेही ओठ हलले. किती वर्षांनी!

'हट्ट करू नकोस.'

'हट्ट तुझा आहे. माझं घर आहे.'

'टँकरखाली गेली असतीस.'

'गेले नाही ना?'

'पुढच्या वेळी जाशील.'

'जाईन. तुझ्या चौथ्या मजल्यावर काय अमरपट्टा मिळतो?'

"दोघींचं काय चाललंय?" जावई हात हलवत विचारत होता.

"भांडतोय," मी मोठ्यानं सांगितलं. "तुम्ही मधे पडू नका."

मुलीचे ओठ थरथरायला लागले, तसं वाचणं अवघड झालं. 'मी फोन करते,' ती म्हणत होती, 'तू यंत्र लावत नाहीस, मग उचलतही नाहीस. मग मला काय काय दिसतं तुला माहीत आहे? ऑफिसात बसून मला तू पडलेली दिसतेस. मी नाही सहन करू शकत, आई.'

हे मात्र लागलं. माझ्या पोटचा जीव, आणि त्याला माझ्यापायी हा घोर. एक पाऊल मी पुढेही टाकलं होतं. तिनं त्या क्षणी हात धरला असता तर कदाचित मी गाडीत जाऊन बसलेही असते. तिनं धरला नाही, आणि मी स्वतःला सावरलं.

'तुझी भीती खरी आहे,' मी म्हटलं. 'पण ती तुझी आहे. ती घालवायला मी आयुष्य देऊ शकत नाही. कान गिरणीला दिले. आता डोळे तुझ्या खिडकीला देऊ? समोर काय दिसतं तिथून?'

'भिंत,' ती म्हणाली.

तेवढ्यात बोरूच्या शेंड्यावर नर चढला आणि चोच उघडून सुरू झाला. मी बोट केलं. 'काय म्हणतोय? सांग मला.'

"चिरचिर... खरखर... असंच काहीतरी," ती आवाजात म्हणाली.

'असं नाही. तोंडानं करून दाखव.'

तिनं पदरानं नाक पुसलं, पाखराकडे कान दिला आणि ओठ हलवायला लागली. भराभर, तुटक, मधेच जीभ टाळ्याला लावत. चांगली पन्नाशीला टेकलेली बाई, ऑफिसात हाताखाली माणसं असलेली, चिखलात उभी राहून पाखरासारखी तोंड करत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. जावयानं शहाण्यासारखी मान दुसरीकडे वळवली.

'मधे दम कशाला घेतेस? तो घेत नाही,' मी म्हटलं.

ती रडता रडता हसली आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लागली. मी तिचे ओठ वाचले, तिचा गळा वाचला. ऐकू काही आलं नाही. पण कसं असतं ते माझ्या लक्षात होतं आणि ते सगळं तिच्या तोंडावर होतं.

तिचं करून झालं. 'राहा' असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर राहणं तिच्या परवानगीचं झालं असतं.

मी घराला वळसा घालून गाडीकडे गेले आणि मागचं दार उघडून पेटी ओढली. जावई धावत आला. त्याचे ओठ म्हणत होते, "आई, द्या इकडे, जड आहे." जड होतीच. कडी तळहातात रुतत होती. पायरीपर्यंत मला ती दोनदा खाली टेकवावी लागली, पण त्याला हात लावू दिला नाही. पायरीशी दोन्ही हातांनी उचलली, उंबऱ्याच्या आत ठेवली आणि ढकलत ढकलत कॉटखाली सारली.

मागून मुलीनं हाक मारली असेल. मारली असेलच. मला ऐकू आली नाही, आणि मी वळून पाहिलं नाही.